खानदेशातील चलन : नाण्यापासून नोटेपर्यंत

तापी आणि तिच्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर इ. उपनद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या खानदेश या प्रदेशातील नाणी, हुंड्या व कागदी नोटा यांचा इतिहास. खानदेशात सांप्रत महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे मोडतात. मध्ययुगात मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर व असीरगड यांचा परिसरही खानदेशातच गणला जाई. किंबहुना प्रदेशाची राजधानी तेथेच होती. ब्रिटिश अमदानीत खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला.

एखाद्या देशाच्या नोटा समोर मांडल्या, की प्रथम लक्ष जाते ते त्यांवरील चित्रांकडे. मंदिरे, धरणे, लेणी, राजमुद्रा यांवरून त्या देशाचा इतिहास व भूगोल काही प्रमाणात वाचता येतो. भारतीय नोटांवर मात्र स्थळांची चित्रे फार उशिरा आली. त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे नोट ही मुख्यतः अक्षरांची वस्तू होती आणि त्या अक्षरांत गावाचे नाव महत्त्वाचे असे. नोट हे मूलतः वचनपत्र होय. ते वचन कोणी दिले, कोणत्या गावी पाळले जाणार आणि कोणत्या सीमेपलीकडे ते निरर्थक ठरणार, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्यावरील मजकुरात मिळतात. खानदेश हा दक्षिण, माळवा, गुजरात व वऱ्हाड यांच्या मधला वाटेवरचा मुलूख असल्याने या सीमा त्याच्या अगदी उंबरठ्यावरून जात. त्यामुळे येथील चलनाचा इतिहास चित्रांपेक्षा सीमांच्या आधारे अधिक चांगला उलगडतो.

प्राचीन व मध्ययुगीन चलन : या विषयाचा एक मोलाचा पुरावा जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे. शके ११२८ (इ. स. १२०६–०७) च्या सुमाराचा हा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादव नृपती सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील मांडलिक सोइदेव याने त्या मठास उत्पन्न लावून दिले, असा त्यातील मुख्य वृत्तांत आहे. लेख संस्कृतात असला, तरी दानाचा व्यवहारी तपशील तत्कालीन मराठीत आहे. पेठेत उघडल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून मिळणारा राजभाग, काही पोफळे आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे त्यात सांगितले आहे. विद्येच्या मठाचा योगक्षेम अशा रीतीने अंशतः पैशावर व अंशतः तेल-सुपारीवर चाले.

ज्यांच्या ग्रंथांसाठी हा मठ होता, त्या भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या गणितग्रंथाच्या आरंभीच चलनाचे कोष्टक आहे. त्यानुसार वीस वराटकांची म्हणजे कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म व सोळा द्रम्मांचा एक निष्क होतो. एका द्रम्मास १,२८० कवड्या, असा हा हिशेब आहे. भास्कराचार्यांचे जन्मस्थान पाटणच होते की अन्यत्र, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हे कोष्टक तेराव्या शतकात पाटणच्या मठात शिकविले जात असले पाहिजे, एवढे म्हणण्यास हरकत नाही. कवडी समुद्रातून येई आणि चांदी परदेशातून. सातमाळ्याच्या कुशीतील या गावी दोन्हींचा भाव एकमेकांशी बांधलेला होता.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता होती. या सुलतानांची नाणी फारच विरळा आढळतात. दोन शतके राज्य करूनही घराण्याने स्वतःच्या नाण्यांचा ठसा उमटवू नये, ही वरवर पाहता आश्चर्याची गोष्ट वाटते. फारुकींवर बहुतेक काळ गुजरातच्या सुलतानांचे वर्चस्व होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा उलगडा होतो. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि खानदेश मोगल साम्राज्यात सामील झाला. या विजयाच्या स्मरणार्थ अकबराने पाडलेली सोन्याची मोहोर प्रसिद्ध आहे. तिच्या एका बाजूस ससाण्याची आकृती असून दुसऱ्या बाजूस असीर हे टांकसाळीचे नाव व इलाही सन ४५ असा काळ दिला आहे. खानदेशातील एखाद्या घटनेचे स्मारक म्हणून पाडलेले इतके देखणे नाणे दुसरे नाही. ते जेत्याचे आहे, हे मात्र विसरून चालणार नाही.

मोगल काळात बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून रुपये मोठ्या प्रमाणावर निघू लागले. सुरतेहून निघालेला व्यापारी माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे या वाटेने बुऱ्हाणपुरास जाई आणि तेथून पुढे आग्र्याकडे वळे. या वाटेवरून सोने-चांदी नेण्यापेक्षा हुंडी नेणे सोयीचे असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याने सुरतेवरील हुंडणावळीचे त्या काळचे दर नोंदवून ठेवले आहेत. बुऱ्हाणपूरचा दर शेकडा अडीच ते तीन, आग्र्याचा सव्वाचार ते पाच, लाहोरचा सव्वासहा आणि डाक्क्याचा दहा होता. या आकड्यांत अंतर, वाटेतील जोखीम व सावकाराची पत ही सर्व एकत्र आलेली दिसतात. हुंडीवर सरकारी शिक्का नसे आणि चित्रही नसे. सराफाची सही हाच तिचा आधार होता. कागदाच्या तुकड्यावर पैसा मिळू शकतो, ही कल्पना त्यामुळे खानदेशच्या पेठांना इंग्रजी नोटेच्या कितीतरी आधी परिचित होती. पुढे शेतकऱ्याने नोट घेण्यास जो संकोच दाखविला, तो कागदाविषयीचा नव्हता. सही करणारा अनोळखी होता, हे त्याचे खरे कारण होय.

मराठा काळ आणि बट्टा : उदगीरच्या लढाईनंतर (१७६०) बुऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले व पुढे शिंद्यांच्या ताब्यात राहिले. टांकसाळ चालूच होती, पण रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. खानदेशाच्या दक्षिण सीमेलगत चांदवड येथे होळकरांच्या अमलाखाली पडणाऱ्या रुपयांचीही हीच गोष्ट आहे. त्यांवर शाह आलम बादशहाचे नाव असून टांकसाळीचा निर्देश ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असा केलेला असतो. सत्ता एकाची व नाव दुसऱ्याचे, हा प्रकार फसवणुकीचा नव्हता. लोकांच्या ओळखीचे नाव बदलले, तर रुपया स्वीकारला जाणार नाही, अशी टांकसाळ चालविणाऱ्यांची व्यवहारी जाण त्यामागे होती.

अशा अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. त्यांचे वजन व कस यांत फरक असल्याने एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत बदलताना बट्टा द्यावा लागे. नाणी पारखण्याचे काम पोतदार करी. गावगाड्यात बहुधा सोनाराकडेच ते असे आणि आज अनेक कुटुंबांचे आडनाव म्हणून तो शब्द टिकून आहे. सारा भरणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने ही पारख म्हणजे आणखी एक करच होता. कारण त्याचा रुपया कोणत्या जातीचा व किती झिजलेला, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नसे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खानदेशाचा कारभार हाती घेतला आणि धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. कंपनी सरकारपुढेही हाच नाना जातींच्या रुपयांचा घोळ होता. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन (सु. ११·६६ ग्रॅम) वजनाचा एकच रुपया कंपनीच्या मुलखात लागू झाला. यंत्रावर पाडलेल्या या रुपयास लोक कलदार म्हणू लागले. जुने रुपये बाजारातून नाहीसे व्हायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

कागदी नोटांचे आगमन : बँक ऑफ बाँबे (स्थापना १८४०) हिच्या नोटा मुंबईच्या व्यापारी वर्तुळापुरत्याच मर्यादित होत्या. १८६१ च्या कागदी चलन अधिनियमाने नोटा काढण्याचा अधिकार केवळ सरकारकडे आला आणि १८६२ पासून राणी व्हिक्टोरियाची छबी असलेल्या नोटा प्रचारात आल्या. त्या एकाच बाजूस छापलेल्या असत. बनावट नोटा निघू लागल्याने त्या मागे घेण्यात आल्या आणि १८६७ पासून छबी नसलेल्या, रंगीत वेलबुट्टीवर मजकूर छापलेल्या नोटा आल्या. त्यांवर रक्कम चार भाषांत लिहिलेली असे. त्या भाषा कोणत्या, हे नोट कोणत्या मंडळातून निघाली यावर अवलंबून असे.

मंडळांची ही पद्धत नीट समजून घेणे आवश्यक आहे. नोटांच्या दृष्टीने देशाचे चलनमंडळांत विभाजन केले होते. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही आरंभीची मुख्य मंडळे असून त्यांच्या हाताखाली काही उपमंडळे असत. प्रत्येक नोटेवर मंडळाच्या गावाचे नाव ठळकपणे छापलेले असे आणि त्या मंडळाच्या हद्दीतच ती कायदेशीर चलन मानली जाई. नोटेबद्दल रुपये मागण्याचा हक्क मंडळाच्या कचेरीतच बजावता येई. जिल्ह्याच्या खजिन्यात शिल्लक व सोय पाहून नोट वटविली जाई, पण तो हक्क नव्हता. खानदेश मुंबई मंडळात होता. धुळ्याच्या बाजारात शंभराची नोट बाळगणाऱ्याला तिचे रुपये हक्काने घ्यायचे, तर मुंबई गाठावी लागे. पूर्वेस वऱ्हाडात अकोल्यास काही काळ उपमंडळाची कचेरी होती व तेथील नोटांवर अकोल्याचे नाव येई. कलकत्ता-मुंबईच्या पंक्तीत अकोल्यासारखे कापसाच्या पेठेचे गाव यावे, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

त्या काळी कापसाने खानदेशाचे रूप पालटले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व भारतीय कापसाचे भाव कडाडले. याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळ घाट चढून जळगाव, भुसावळमार्गे पूर्वेकडे सरकत होता. १८६७ मध्ये तो नागपुरास पोहोचला. जळगावचे व्यापारी महत्त्व मुख्यत्वे या दोन घटनांतून निर्माण झाले. खरेदीच्या हंगामात आडत्यांना मोठ्या रकमा गावोगाव न्याव्या लागत. चांदीचे एक हजार रुपये म्हणजे साडेअकरा किलोग्रॅमांहून अधिक वजन; दहा हजारांसाठी बैलगाडी व पहारा हवा. याउलट नोटा खिशात मावत. असे असूनही शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम चांदीतच राहिली. आडत्या मुंबईहून नोटा किंवा हुंडी आणी, जळगावात तिचे रुपये करी आणि ते रुपये खेड्यात जात. तेथे त्यांचा काही भाग साऱ्यात, काही सावकाराच्या घरी आणि उरलेला जमिनीत पुरून किंवा दागिन्यांत जाई. सातपुड्यातील भिल्ल व पावरा स्त्रियांच्या गळ्यातील रुपयांच्या माळा याच चांदीच्या होत. रुपया पुरता येई, वितळविता येई, गळ्यात घालता येई. नोट वाळवीने खाल्ली, की काहीच उरत नसे.

दूरच्या व्यवहारांत व्यापाऱ्यांनी नोटेचा एक मजेदार उपयोग शोधून काढला होता. टपालात नोट गहाळ होण्याची भीती असल्याने ती मधोमध कापून एक अर्धा भाग प्रथम पाठवीत आणि तो पोहोचल्याचे उत्तर आल्यावर दुसरा अर्धा रवाना करीत. दोन्ही भागांवर क्रमांक असल्याने ते जोडून नोट पुन्हा पुरी होई. त्या काळच्या जोडलेल्या नोटा आजही संग्रहांत आढळतात. एरवी सदोष ठरणारी ही जोडणी त्या नोटेने केलेल्या प्रवासाचा पुरावा ठरते.

मंडळांच्या सीमा पुढे टप्प्याटप्प्याने गळून पडल्या. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालेल असे ठरले. दहा व पन्नासच्या नोटांना १९१० मध्ये आणि शंभराच्या नोटेस १९११ मध्ये ही मुभा मिळाली. खानदेशातील सामान्य माणसाच्या दृष्टीने भारतीय नोटेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सुधारणा म्हटली पाहिजे. बुऱ्हाणपूर, अकोला, इंदूर या शेजारच्या पेठांतून पाचाची नोट न अडखळता फिरू लागली, ती तेव्हापासून. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यामुळे १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट निघाली व तिच्यापाठोपाठ अडीच रुपयांची चमत्कारिक नोटही आली. ग्रामीण भागांत नोटांना बट्टा पडू लागला तेव्हा अमेरिकेतून चांदी आणवून सरकारने रुपयाची मागणी भागविली. अडीच रुपयांची नोट फार काळ टिकली नाही. एक रुपयाची नोट १९२६ मध्ये बंद पडली आणि दुसऱ्या महायुद्धात १९४० साली पुन्हा सुरू झाली.

हाली आणि कलदार : ब्रिटिश मुलखातील सीमा अशा पुसट होत असताना खानदेशाच्या दक्षिणेस एक सीमा ठळक होती. अजिंठ्याच्या डोंगराकडे हैदराबाद संस्थानाची हद्द लागे. तेथे निजामाचा हाली शिक्का चाले व त्याचे नाणे, हिशेब, भाव सारे वेगळे असत. साधारणपणे सात हाली रुपयांस सहा कलदार असा दर होता. म्हणजे शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. हैदराबादने १९१८ मध्ये स्वतःचा चलन कायदा करून नोटाही काढल्या. या नोटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड मजकूर असे. मराठी वाचणाऱ्या माणसाला डोंगराच्या दोन्ही अंगांच्या नोटा वाचता येत, पण एकीकडची नोट दुसरीकडे जशीच्या तशी चालत नसे.

अजिंठ्याची लेणी पाहायला जाणारा प्रवासी बहुधा जळगावास आगगाडीतून उतरे आणि फर्दापूरच्या वाटेने निजामाच्या राज्यात प्रवेश करी. त्याच्या खिशातील कलदारास तेथे चढा भाव मिळे. डोंगराखालच्या गावांतील शेतकरी, गुराखी व आठवडी बाजारातील फिरते दुकानदार यांना मात्र हा हिशेब रोजचाच होता. सात-सहाच्या या प्रमाणातील आणे-पैंची मोडतोड ज्याला तोंडी करता येत नसे, त्याचे नुकसान ठरलेले असे. पश्चिमेस सोनगड-व्यारा या बाजूला बडोद्याचा बाबाशाही रुपया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाले; तेथेही असाच प्रकार होता, पण तो बडोद्याने आपले चलन बंद केल्याने लवकर मिटला. हाली शिक्का मात्र हैदराबादच्या विलीनीकरणानंतरही काही वर्षे टिकला आणि १९५० नंतरच्या दशकात चलनातून काढून घेण्यात आला. अजिंठ्याच्या घाटातील चलनसीमा अशा रीतीने ब्रिटिश सत्तेपेक्षा अधिक जगली.

नाशिकचे मुद्रणालय : १९२० नंतरच्या दशकापर्यंत भारतीय नोटा इंग्लंडमध्ये छापल्या जात. नाशिक रोड येथे १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय व १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. १९३२ पर्यंत सर्व दर्शनी किमतींच्या भारतीय नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. हैदराबादच्या नोटांची छपाईही पुढे नाशिककडेच आली. डोंगराच्या दोन्ही अंगांना न चालणाऱ्या या दोन नोटा एकाच गावी छापल्या जात होत्या. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ मध्ये झाली आणि तिच्या नावाने पहिल्या नोटा १९३८ मध्ये निघाल्या. त्यांवर राजे सहावे जॉर्ज यांची छबी होती. १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख हे बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि राजाच्या छबीशेजारी एका मराठी माणसाची सही येऊ लागली.

याच नोटांशी निगडित एक घटना खानदेशच्या इतिहासात गाजली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाणे गावानजीक क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी प्रभृती कार्यकर्ते आणि पश्चिम खानदेशातील भूमिगत कार्यकर्ते यांनी मिळून हे धाडस केले. रक्कम सु. साडेपाच लाख रुपयांची होती. ती चांदीत असती, तर तिचे वजन सहा मेट्रिक टनांहून अधिक भरले असते आणि मूठभर माणसांना ती घेऊन नाहीसे होणे अशक्य झाले असते. यावरून खजिन्याचा बराचसा भाग नोटांचा असला पाहिजे, हे उघड आहे. १८६० नंतरच्या दशकात आडत्यांना नोट ज्या कारणासाठी सोयीची वाटली होती, तेच कारण येथे सत्तेविरुद्ध वापरले गेले. युद्धकाळात देशातील नोटांचे प्रमाण सहा पटींच्या घरात वाढले होते आणि महागाईने खेडी होरपळत होती. राजाचे चित्र असलेला पैसा राजाचीच सत्ता उलथविण्यासाठी खर्ची पडावा, यातील विसंगती त्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आली नसेल, असे म्हणवत नाही.

स्वातंत्र्योत्तर नोटा व त्यांवरील स्थळे : १९४९ मध्ये एक रुपयाच्या नोटेवर राजाच्या छबीऐवजी सारनाथचा सिंहस्तंभ आला व १९५० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या इतर नोटांवरही तो अवतरला. नोटांवर हिंदीस प्रमुख स्थान मिळाल्यावर ‘रुपया’चे अनेकवचन कसे लिहावे, यावरही वाद झाला आणि ‘रुपये’ हे रूप मान्य झाले. १९५४ मध्ये पुन्हा काढलेल्या मोठ्या नोटांपैकी हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, तर पाच हजारांच्या नोटेवर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. महाराष्ट्रातील वास्तू नोटेवर आली खरी, पण ज्या नोटेवर आली ती सामान्य शेतकऱ्याने कधी पाहिलीही नाही. १६ जानेवारी १९७८ रोजी ती रद्द झाली. लहान नोटांवर पुढे हिराकूड धरण, ट्रॅक्टर, आर्यभट्ट उपग्रह, कोणार्कचे चक्र अशी चित्रे आली. १९८० नंतर एक रुपयाच्या नोटेवर आलेला ‘सागर सम्राट’ हा मुंबईजवळच्या समुद्रातील तेलविहिरींशी निगडित होता. ही सर्व चित्रे राज्यकर्त्यांना देश कसा दिसावा असे वाटत होते, ते सांगतात. देश कसा होता, हे त्यांवरून कळत नाही. नोटेवर ट्रॅक्टर आला, तेव्हा खानदेशच्या काळ्या जमिनीत नांगर बैलच ओढीत होते.

नोटाबंदीचे तीन प्रसंग भारताने अनुभवले. १९४६ व १९७८ मध्ये मोठ्या किमतीच्याच नोटा रद्द झाल्याने खेड्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा स्थिती वेगळी होती. कापसाची वेचणी व खरेदी यांचा तो ऐन हंगाम होता आणि या व्यवहारात रोखीचे प्रमाण मोठे असे. दीडशे वर्षांपूर्वी याच पिकाच्या पैशासाठी शेतकरी कागद नाकारून चांदी मागत होता; आता हातात कागद होता, पण तो घेणारे कोणी नव्हते. पिकाचा पैसा शक्य तितक्या लवकर सोन्यात घालण्याची खानदेशी रीत व जळगावच्या सराफ बाजाराची भरभराट यांचा संबंध या दीर्घ अनुभवाशी जोडणे वावगे ठरणार नाही.

महात्मा गांधींच्या छबीच्या २०१६ नंतरच्या नव्या नोटांवर देशातील वारसास्थळांना पद्धतशीर स्थान मिळाले. दहाच्या नोटेवर कोणार्क, पन्नासच्या नोटेवर हंपी, शंभराच्या नोटेवर पाटणची राणीची वाव, दोनशेच्या नोटेवर सांची आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला आहे. यातील पाटण गुजरातमधील होय. चाळीसगावजवळच्या पाटणशी त्याचे केवळ नावाचे साम्य आहे. २०१९ मध्ये निघालेल्या हिरवट पिवळ्या रंगाच्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. खानदेशाच्या सर्वांत निकटचे असे हेच स्थळ होय. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडमार्गे तेथे जाता येते. या वाटेवरची जुनी हद्दही निजामाचीच होती. विसाची नोट घेऊन आज हा घाट चढणाऱ्याला बट्टा द्यावा लागत नाही.

या नोटेच्या मागील बाजूच्या भाषापट्टीत पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असून मराठी आठव्या ओळीत आहे. जळगाव-धुळ्याच्या बाजारांत ज्या बोलींतून भाव ठरतात, त्या अहिराणी व भिली मात्र या पट्टीत नाहीत. खानदेशच्या इतिहासाची जुनी कागदपत्रे व वस्तू धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळात जतन केलेल्या आहेत. वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाल्यावर त्यांच्या संग्रहासाठी १९२७ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. बुऱ्हाणपूरचे रुपये, चांदवडी रुपये, हाली शिक्का व कलदार यांच्या बट्ट्याचे हिशेब जुन्या दप्तरांतील वसुलीच्या कागदांत विखुरलेले आढळतात. नाण्यांइतके लक्ष त्या हिशेबांकडे अभ्यासकांनी अद्याप दिलेले नाही.